लेफ्ट दाब, स्ट्रेट सोड

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, पुण्याजवळ वाघोलीच्या पुढे असलेल्या ज्येष्ठांच्या एका निवासी केंद्राला पाच हजार रुपये आगाऊ पाठवले. पैसे माझ्या फोनवरून गेले. हजर होतो मी, माझी पत्नी, बंगळुरूहून फोनच्या पडद्यावर आलेली भाची आणि जिच्यासाठी ही जागा धरून ठेवायची होती ती माझी थोरली बहीण. बाकीची अनामत दीड लाख, महिनाअखेर भरायची. भरली की ताईची खोली पक्की. नाही भरली तर जागा दुसऱ्याला आणि आपले पाच हजार गेले.

हे तिच्याच घरात चाललं होतं. ताई हजर होती, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारून उपयोग नव्हता. ऑगस्टमध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय महिन्याभरात बराचसा परत आला. काठी घेऊन ती जिनेसुद्धा चढायला लागली. वाचा मात्र आली नाही. ‘हं’ आणि ‘नको नको’ एवढं तिच्याजवळ राहिलं होतं, आणि त्यातही ‘हं’ म्हणायला जावं तर तोंडातून ‘नको नको’ निघायचं. मग ती स्वतःवरच चिडायची. आपण बोललेलं तिला कळत होतं, वर्तमानपत्रातले मथळे ती बघायची, टीव्हीवरच्या विनोदाला योग्य ठिकाणी हसायची. पण समोर पाण्याचा पेला असला तरी ‘पाणी’ हा शब्द तिला सापडत नव्हता.

पैसे गेल्याचा आवाज फोनवर आला तेव्हा ताई म्हणाली, “नको नको.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते तिचं उत्तर होतं की तिच्याजवळचे दोनच शब्द होते त्यातला एक, हे कुणाला सांगता येईना. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि डाव्या हाताने चहाचं आधण ठेवलं. स्वतःच्या घरात पाहुण्यांसाठी ठेवावं तसं.

भाचीचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ताई बिबवेवाडीत, अप्पर नावाच्या वस्तीच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. भावजी जाऊन अकरा वर्षं झाली. झटक्यानंतर मी आणि पत्नी तिच्याकडे येऊन राहिलो होतो, पण ते कायमचं नव्हतं. दिवसा सोबतीला बाई ठेवता येईल, पण भाची म्हणाली, “मामा, बाई एक दिवस आली नाही तर? आई बाहेर पडली आणि वाट चुकली तर कुणाला काय सांगेल? ती एकटी घराबाहेर जाऊन, कुणाला तरी सांगून परत घरी येऊ शकते, एवढं मला दाखव. त्या दिवशी मी वाघोली रद्द करते.”

अट स्वच्छ होती. मला अशा अटी आवडतात. मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात आहे. माझ्या कामात पुरावा असतो किंवा नसतो. इथे तो नव्हता.

आता ताईचं काम सांगितलं पाहिजे. सत्तावीस वर्षं ती बायकांना मोटार चालवायला शिकवत होती. एक छोटी गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक आणि क्लच, मागच्या काचेवर लाल रंगात इंग्रजी एल. बिबवेवाडीपासून मार्केट यार्डापर्यंत ज्या बायका गाडी चालवताना दिसतात त्यातल्या कित्येक तिच्या हाताखालून गेलेल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी तिने गाडी विकली आणि काम थांबवलं.

झटक्यानंतर तिची वाचोपचाराची तालीम स्वारगेटच्या अलीकडच्या एका केंद्रात सुरू झाली. उपचार करणाऱ्या बाई तरुण, शांत, कामाला पक्क्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “घरात भाषा कोणती? कोणत्या भाषेत काम करूया?”

“मराठी,” मी म्हणालो. पत्नी म्हणाली, “मराठीच. शुद्ध.” भाचीने फोनवरून सांगितलं, “आईचं मराठी फार छान आहे हं.” आमच्या आईवडिलांच्या घरात ताटात वाढलेल्या भाताला राइस म्हटलं तर तो परत घेतला जायचा. आम्ही काय दुसरं सांगणार?

त्यामुळे दोन महिने ताईसमोर चित्रांचे पत्ते पडत राहिले आणि बाई स्पष्ट, गोड आवाजात विचारत राहिल्या, “डावीकडे कोणतं? उजवीकडे कोणतं? वर काय आहे? खाली काय आहे?” ताई बाणाच्या चित्राकडे बघायची, कपाळाला आठ्या घालायची आणि म्हणायची, “हं.” दहा पत्त्यांत दोन बरोबर यायचे. दोन तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी येतात.

तिला केंद्रात नेताना ती मागे बसायची, शेजारी पत्नी. नोव्हेंबरच्या त्या रविवारनंतरच्या गुरुवारी पत्नीला रजा मिळाली नाही, म्हणून ताईला मी पुढे, माझ्या डाव्या हाताला बसवलं. पट्टा लावून दिला. मार्केट यार्डाच्या चौकात नेहमीचा गोंधळ होता: भाजीचे टेम्पो, हमालांच्या हातगाड्या, मधूनच घुसणारे दुचाकीवाले. उजवीकडून कांद्याने भरलेला एक टेम्पो माझ्या अंगावर येत चालला होता आणि तो मला दिसला नव्हता.

“लेफ्ट दाब.”

मला वाटलं बाहेरून कुणी ओरडलं.

“दाब, दाब, दाब. स्ट्रेट सोड.”

हातांनी ऐकलं, मी नंतर. गाडी डावीकडे सरकली, चाक हातातून फिरून सरळ झालं आणि टेम्पो वीतभर अंतरावरून निघून गेला. टेम्पोवाला जाता जाता म्हणाला, “काका, झोप झाली का?”

मी शेजारी पाहिलं. ताईचा उजवा पाय, तोच दुबळा पाय, रिकाम्या तळावर घट्ट दाबलेला होता. तिथे जादा ब्रेक असायला हवा होता. चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त आश्चर्य. तीन महिन्यांत ती एकही वाक्य बोलली नव्हती आणि हे वाक्य तिला कुणी दिलं, हे तिलाही कळत नव्हतं.

“ताई, काय म्हणालीस? पुन्हा म्हण.”

“नको नको,” ताई म्हणाली.

मी देवळात जाणारा माणूस नाही, पण त्या क्षणी चौकातच हात जोडावेत असं वाटलं. मागच्याने भोंगा वाजवला म्हणून पुढे निघालो. रिकाम्या रस्त्यावर ताई गप्प. मग मी एक गोष्ट केली जी पुण्यात शहाणा माणूस करत नाही: गाडी वळवून पुन्हा मार्केट यार्डाच्या गर्दीत घातली. गर्दी आली तसे शब्द आले. “साइड दे त्याला.” “स्ट्रेट ठेव.” “राइट बघ.” गर्दी संपली, शब्द संपले. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरच्या वाहतूक हवालदाराने विचारलं, “साहेब, काही हरवलंय का?”

“सापडलंय,” मी म्हणालो. तो मान हलवून दुसरीकडे बघायला लागला.

केंद्रात पोहोचलो आणि वाचोपचाराच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ताईसमोर डावीकडच्या बाणाचा पत्ता ठेवला. “हे काय? लेफ्ट? लेफ्ट म्हणा.” ताई पत्त्याकडे बघत राहिली. एक अक्षर नाही. मला वाटलं, आता या मला खोटं पाडतील. पण बाईंचे डोळे चमकत होते.

“विचारलं की नाही येणार,” त्या म्हणाल्या. “विचारल्यावर शोधून काढायचा शब्द वेगळ्या वाटेने येतो, काम करताना आपसूक निघणारा वेगळ्या. सगळं मलाही कळतं असं नाही. पण ही वाट उघडी आहे, एवढं नक्की. मला सांगा, त्या शिकवताना ‘डावीकडे’ म्हणायच्या का?”

मी आठवून पाहिलं. सत्तावीस वर्षांत गाडीत बसून ताईने ‘डावीकडे वळा’ म्हटलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं. पुण्यात कुणीच म्हणत नाही. देवळाला प्रदक्षिणा घालताना उजवी बाजू असते. रस्त्यावर उतरलं की राइट असतो. आम्ही तिची भाषा विचारल्यावर अभिमानाने घरातली सांगितली आणि ती जिथे आयुष्य जगली ती गाडी विसरलो.

“त्यांचे शब्द मला आणून द्या,” बाई म्हणाल्या. “त्यांच्या अर्थासकट.”

रात्री जेवणं झाल्यावर मी घरातला इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. लेफ्ट: डावा, डावीकडचा, डावीकडे. स्ट्रेट: सरळ, न वळलेला, प्रामाणिक. अप: वर. डाउन: खाली. साइडला पाऊण स्तंभ होता: बाजू, कड, कूस, अंग, पक्ष. सगळे अर्थ बरोबर, आणि त्यातला एकही ताईचा नाही. ‘साइड दे’ मधली साइड म्हणजे काय? बाजू नव्हे. समोरच्याला पुढे निघून जाण्यापुरती आपण मोकळी करून दिलेली जागा. असा अर्थ त्या पाऊण स्तंभात कुठेच नव्हता. आणि पुण्यातलं शेंबडं पोरसुद्धा तो जाणतं.

दुसऱ्या दिवशी ताईच्या खालच्या मजल्यावरच्या भाभींकडे गेलो. त्या मसाल्याचं दुकान चालवतात आणि मालाची गाडी स्वतः चालवतात. ताईच्या जुन्या विद्यार्थिनी. मी विचारताच त्या खुर्ची ओढून बसल्या.

“मॅडमची डिक्शनरीच वेगळी होती, भाईसाहेब. ‘लेफ्ट घे’ म्हणजे वळ. ‘लेफ्ट दाब’ म्हणजे वळायचं नाही, नुसतं सरकायचं. ‘लेफ्ट काप’ म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं, पार्किंगला. आणि ‘लेफ्ट ठेव’ म्हणजे आहेस तिथे राहा, शहाणपणा नको. मी पहिल्या दिवशी ‘दाब’ला ‘घे’ समजले.”

“मग?”

“मग काय, थेट शहाळेवाल्याच्या गाड्यात. मॅडमनी ब्रेक मारला म्हणून तो वाचला. उतरल्या, दोन शहाळी विकत घेतली, एक मला दिलं. म्हणाल्या, पी, आणि लक्षात ठेव, दाब म्हणजे दाब.”

मी ‘स्ट्रेट’बद्दल विचारलं.

“स्ट्रेट कर म्हणजे चाक सरळ आण. स्ट्रेट सोड म्हणजे तू काही करू नकोस, चाक स्वतः सरळ होतं, त्याला होऊ दे. हे मला जमायचं नाही, मी धरूनच ठेवायची. मॅडम म्हणायच्या, अगं नवरा आहे का तो, सोड की!” भाभी हसल्या, मग डोळे पुसले. “त्या आता एकही शब्द बोलत नाहीत म्हणे?”

“बोलतात,” मी म्हणालो. “गर्दीत.”

चार शब्द घेऊन गेलो होतो, तासाभरात कितीतरी घेऊन आलो. अप म्हणजे क्लच सोडणं, हळू अप म्हणजे थरथर जाणवेपर्यंत सोडून तिथेच थांबणं. आउट काढ म्हणजे वळण्याआधी गाडीचं नाक उलट्या बाजूला थोडं बाहेर घेणं. हा एवढा मोठा अर्थ दोन शब्दांत बसवलेला. जिना चढताना मी मध्येच थांबलो. आमची मराठी शब्दांनी भरलेली आहे असं मी मानत आलो होतो. पण रस्त्यावरच्या माणसांनी परक्या भाषेतले पाच-सहा शब्द उचलले, त्यांना आपली क्रियापदं जोडली आणि त्यातून जी भाषा केली तिच्यात एका ‘डावीकडे’च्या जागी चार होते. कुठल्या विद्वानाने केली नाही, कुणी छापली नाही. रिक्षावाल्यांनी, कंडक्टरांनी, क्लीनरांनी आणि माझ्या बहिणीसारख्यांनी केली. हे मला इतकं थोर वाटलं की वर गेल्यावर ताईच्या पाया पडलो. तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे.

बाईंनी उपचाराची रीत बदलली. रोज प्रत्यक्ष गाडीतून फिरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ताईच्या घराचाच रस्ता केला. मी हातात स्टीलचं ताट धरायचं, ते स्टिअरिंग. ताई खुर्चीत बसायची. मी दारापासून निघायचं आणि ती सांगेल तसं जायचं. पहिले दोन दिवस मी खोलीच्या मध्ये ताट धरून उभा, आणि ताई बघतेय. पत्नी म्हणाली, “अहो, आवाज तरी काढा. गाडी बंद आहे असं वाटतंय त्यांना.”

मी तोंडाने इंजिनाचा आवाज काढला. चोपन्नाव्या वर्षी. ताई हसली आणि हसता हसता म्हणाली, “हळू. हळू अप.”

मग रोज सुरू झालं. टेबलाशी आलो की “राइट घे.” सोफ्याशी “आउट काढ,” कारण मी ताटासकट कोपऱ्याला धडकायचो. एके संध्याकाळी मी फ्रिजच्या बाजूला चाललो होतो, ताई म्हणाली, “राँग. लेफ्ट काप.” मी वळलो. “स्ट्रेट. स्ट्रेट. बस.” मी कपाटासमोर उभा होतो. “अप.” मी हात वर नेला. “अजून अप. राइट दाब.” हाताला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा लागला.

मी वळून पाहिलं. ती पाण्याकडे बोट दाखवत होती आणि घड्याळाकडे. साडेसात वाजले होते. गोळी द्यायची मी आणि पत्नी दोघंही विसरलो होतो.

गोळी हा शब्द तिच्याजवळ नव्हता. डबा नव्हता, कपाट नव्हतं. पण त्या गोळीपर्यंत माझा हात तिने नेला होता. त्या रात्री आम्ही तो खेळ खूप वेळ खेळलो. मी काय काढायचं ते ती मनात ठरवायची आणि मला तिथे न्यायची: जायफळ, भावजींचा चष्मा, वीजबिल, गच्चीची किल्ली. एकही नाव नाही, आणि एकही वस्तू चुकली नाही. सगळं घर तिच्या आत जसंच्या तसं होतं, फक्त त्यावरच्या पाट्या पुसल्या होत्या. आणि पाटी नसली तरी रस्ता सांगता येतो.

महिनाअखेर भाची आली. वाघोलीचे दीड लाख भरायला दुसरा दिवस शेवटचा. मी तिला सगळं दाखवलं. ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मग उठून तोंड धुतलं आणि म्हणाली, “मामा, हे सुंदर आहे. पण पोलीस नाही, डॉक्टर नाही, छातीत दुखतंय नाही. नुसतं लेफ्ट-राइट. आईला घर चालवायचंय की गाडी?”

मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

“तू घरातल्या घरात ताट फिरवतोस. तू तिचं ऐकायला बसलेला आहेस. बाहेरचा माणूस ऐकेल का?”

ताई ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं वाचोपचाराच्या केंद्रात गेलो. तालीम झाल्यावर भाचीने परतीसाठी फोनवर गाडी मागवली. ताईने तिचा हात खाली केला, काठी टेकत फाटकाबाहेर गेली आणि रांगेतल्या पहिल्या रिक्षात जाऊन बसली. आम्ही धावत जाऊन तिच्या शेजारी बसलो.

रिक्षावाला साठीचा, पांढरी दाढी, मीटर पाडून आरशातून बघत. “कुठं?”

ताईने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिच्या गळ्याची शीर उभी राहिली. भाची बोलायला गेली तर ताईने तळहात तिच्यासमोर आडवा धरला.

“आजी, पुणं मोठं झालंय आता,” रिक्षावाला म्हणाला. “काहीतरी सांगावं लागेल.”

रिक्षा उभी. विचारल्यावर येत नाही, हे मला माहीत होतं. विचारणाऱ्याला माहीत नव्हतं. मी पुढे वाकून एवढंच म्हणालो, “गाडी काढा तुम्ही.”

तो कुरकुरला, पण रिक्षा रस्त्याला लागली. चाकं फिरली आणि ताईने श्वास सोडला.

“स्ट्रेट.”

“स्ट्रेट गेलं की कात्रज येतं. तिथं सोडू? सर्पोद्यानात साप बघायला?”

“स्ट्रेट,” ताई म्हणाली. सातारा रोडवर गर्दी होती. “लेफ्ट दाब. दाब, दाब. बसला साइड दे.”

रिक्षावाल्याने साइड दिली. आरशातून पाहिलं. “आजी, मला गाडी शिकवताय का?”

“हं,” ताई म्हणाली.

तो हसला. “बरं. चाळीस वर्षं झाली, एकदा शिकून घेतलेलं बरं.”

बिबवेवाडीच्या रस्त्याला तिने “लेफ्ट घे” म्हटलं. त्याने घेतलं. पुढे बरंच सरळ. भाची माझा हात घट्ट धरून बसली होती. रस्ता दुभागतो तिथे रिक्षावाला सवयीने म्हणाला, “अप्पर का लोअर?”

इंग्रजीत त्याचा अर्थ वरचा आणि खालचा. पुण्यात ती वस्त्यांची नावं आहेत. अप्परच्याही वर सुपर नावाची वस्ती आहे. हा प्रश्न होता. विचारलेला, उत्तर शोधून द्यावं लागणारा. मी डोळे मिटले.

“अप्पर,” ताई म्हणाली.

झटक्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला तिने शब्द शोधून दिलेलं हे पहिलं उत्तर. भाचीने तोंडावर ओढणी धरली.

तिच्या इमारतीचं फाटक दुभाजकाच्या पलीकडे पडतं. पुढच्या चौकातून वळसा घालावा लागतो; कुणी घालत नाही, सगळे उलट्या बाजूने चाळीस पावलं घुसतात. रिक्षावाल्यानेही तेच केलं.

“राँग!” ताई ओरडली. “राँग साइड. बॅक.”

“आजी, समोर तर दिसतंय फाटक. सगळे जातात.”

“बॅक.”

“अहो, वळसा घेतला तर मीटर वाढेल तुमचंच.”

“बॅक,” ताई म्हणाली, आणि तिचा उजवा पाय रिक्षाच्या तळावर दाबला गेला.

त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही ताईकडे पाहिलं. तो स्वतःशी काहीतरी पुटपुटला, मग रिक्षा मागे घेतली, चौकापर्यंत नेली आणि नियमाप्रमाणे वळसा घालून आणली. त्या रस्त्यावर असं करणारी रिक्षा मी पहिल्यांदाच पाहिली. पानाच्या टपरीवरचे दोघं उठून बघायला लागले.

“साइडला लाव,” ताई म्हणाली. त्याने लावली.

भाची घाईने दुसऱ्या बाजूने उतरून आली आणि आईला उतरवायला दोन्ही हात पुढे केले. ताईने दांडी धरली, काठी खाली टेकवली आणि मुलीकडे पाहिलं. आवाज चढवलेला नव्हता. विद्यार्थिनीला सांगावं तसं, नीट, स्वच्छ.

“साइड दे.”

भाची दोन पावलं मागे सरली. ताई एकटी उतरली. डावा पाय, मग काठी, मग उजवा.

भाचीने तिथेच फुटपाथवर उभं राहून वाघोलीला फोन लावला. “खोली नको आहे आम्हाला. हो, नक्की. नाही, तब्येतीचं काही नाही.” पलीकडून काहीतरी विचारलं असावं. ती म्हणाली, “आई घरी आलीय.”

ताई आजही मला ‘अरे’ म्हणत नाही. ते तिला सापडलेलं नाही. गोळीला गोळी म्हणत नाही. वाचोपचाराच्या बाई म्हणतात, काही शब्द येतील, काही येणार नाहीत. आम्ही विचारणं कमी केलंय.

हिशेब असा. दीड लाख भरले नाहीत. आगाऊ दिलेले पाच हजार नियमाप्रमाणे वाघोलीच्या केंद्राकडे राहिले. भाभींच्या ओळखीच्या एक बाई दिवसा सोबतीला येतात, महिना तेरा हजार. आणि रिक्षाचं मीटर वळशासकट ब्याण्णव रुपये झालं. मी खिशात हात घातला तर ताईने काठीने मला बाजूला केलं. कमरेच्या पिशवीतून तिने शंभराची नोट काढून रिक्षावाल्याला दिली, आणि हात पुढे करून उभी राहिली, त्याने आठ रुपये परत देईपर्यंत.